हळदी-चार या रंगाची चौकशी

पुण्यात सात वर्षं मी एका कंपनीत बटनं हलवली. म्हणजे प्रोग्रामच्या खिडकीत डावीकडे असलेलं बटन उजवीकडे न्यायचं आणि पुढच्या वर्षी कोणीतरी मोठ्या हुद्द्यावरचं आलं की ते परत डावीकडे आणायचं. आठव्या वर्षी एका सकाळी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर आमची अख्खी टीम बंद झाली. मी भंडाऱ्याला परत आले, वडिलांच्या सुताच्या दुकानामागच्या खोलीत टेबल टाकलं आणि कापड दुकानं, किराणा, एकदोन राइस मिल यांच्यासाठी डेस्कटॉपवर चालणारे छोटे प्रोग्राम लिहू लागले. नागपूरला एका मुलाखतीत हे सांगितलं तेव्हा समोरच्या माणसाने असा चेहरा केला, जणू मी टाइपरायटर दुरुस्त करते म्हणाले. पण आमच्याकडे दुपारी नेट जातं आणि संगणकातच असलेला प्रोग्राम कुठे जात नाही. एवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

आमचं घर कोष्ट्यांचं. माग वडिलांच्या काळातच बंद झाला, रंगाचं काम मात्र राहिलं, ते माझ्या आत्यामुळे. आत्या वडिलांपेक्षा मोठी. लग्नानंतर दोन वर्षांत ती माहेरी परतली. का, ते तिला विचारायची हिंमत कोणी केली नाही. घरामागच्या मोकळ्या जागेत, आमच्याकडे तिला सांदवाडी म्हणतात, तिच्या चुली, तिचे गंज, म्हणजे रंग उकळायची मोठी पातेली, आणि सूत टांगायचे बांबू. अर्ध्या गावातल्या विणकरांचं सूत तिच्या हातून रंगून जातं. ती रंग फक्त सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान पाहते. त्या वेळेआधी किंवा नंतर कोणी सुताची लडी दाखवली तर म्हणते, "आता मले आंधळी समज." वजनकाटा तिने आयुष्यात वापरला नव्हता. पूड चिमटीने घ्यायची आणि पाण्यात सोडायची.

या सगळ्याला शिस्त लावायला गावात एक हातमाग केंद्र आलं. केंद्राला इमारत होती, एसी होता, एक साहेब होते आणि एक नवाकोरा संगणक होता, ज्यावर साहेबांच्या टेबलाकडे पाठ करून बसलेला शिपाई कधीकधी पत्ते खेळे. साहेब बाहेरगावचे, बोलणं छापील. त्यांनी दक्षिणेतल्या कुठल्याशा कंपनीकडून साड्यांची नक्षी काढायचं एक सॉफ्टवेअर मागवलं होतं. त्यात रंगांची एक खिडकी होती. खिडकीत लहान लहान चौकटी, प्रत्येकीत एक रंग आणि त्यावरच छापलेलं नाव: नीळ-एक, नीळ-दोन, डाळिंबी-तीन, हळदी-चार. दिसायला मोठं सुंदर. अडचण एवढीच की कुठला रंग बनवायला कुठली पूड किती लागेल, हे सांगणारा भाग वेगळा विकत घ्यावा लागत होता आणि तो घ्यायचा राहून गेला होता.

साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, स्क्रीनवर रंग दिसतोय. म्हणजे तो संगणकाला माहीत आहे. तुम्ही फक्त त्याच्याकडून काढून घ्या."

हे मला आवडलं. आणि खरंच, काम तसंच होतं. पडदा म्हणजे लाखो बारीक ठिपके. त्यातल्या कुठल्याही ठिपक्याचा पत्ता दिला, डावीकडून इतका, वरून इतका, की विंडोज त्याचे तीन आकडे सांगते: लाल किती, हिरवा किती, निळा किती, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. मला चौकट कुठे आहे ते शोधायचं होतं, तिच्यातला एक ठिपका उचलायचा होता आणि त्याच्या तीन आकड्यांवरून पुडीचं प्रमाण काढायचं होतं. अशा चौकटींना, बटनांना आमच्या धंद्यात कंट्रोल म्हणतात. नाव भारदस्त आहे. त्यांच्यावर कोणाचा कंट्रोल असतो असा माझा अनुभव नाही.

पहिल्या दिवशी माझ्या प्रोग्रामने जाहीर केलं की खिडकीतले सगळे रंग एकच आहेत, राखाडी. मी चौकटीच्या कोपऱ्यातला ठिपका उचलत होते आणि तिथे चौकटीची कड होती. मग मी बरोबर मधला ठिपका घेतला. तेव्हा काही रंग काळे निघाले, कारण मधोमध नावाचं अक्षर यायचं आणि 'ह'च्या पोटात मी शिरत होते. शेवटी नावाच्या वरच्या अंगाचे पंचवीस ठिपके घेऊन त्यांची सरासरी काढली आणि आकडे स्थिर झाले. त्या दिवशी मला फार आनंद झाला. पुण्यात सात वर्षांत इतका झाला नव्हता. पंचवीस ठिपके वाचता आले म्हणून आनंदी होणारी बाई किती धोकादायक असते, हे तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता पुडीचं प्रमाण. त्यासाठी खऱ्या रंगवलेल्या लडी हव्या होत्या आणि त्या आत्याकडे होत्या. मी सोनाराकडे असतो तसा नाजूक काटा आणला आणि सांदवाडीत तिच्या बाजूला पाट टाकून बसले. तीस रंगांच्या लडी तिने रंगवायच्या, प्रत्येक चिमूट आधी मी काट्यावर घ्यायची, असं ठरलं.

"माह्यी चिमूट मोजून राहिली काय वं तू?"

"एकदाच, आत्या. प्रोग्रामसाठी."

"मोज बाप्पा. हात तर काही झिजत नाही मोजून."

तिची चिमूट मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा सारखी भरली. चौथ्या वेळी फरक आला म्हणून मी खूश झाले, तर तो काट्याला वारा लागल्यामुळे आला होता. तीस लडी झाल्या, प्रत्येकीच्या फोटोतले तीन आकडे आणि पुडीचं वजन अशा तीस नोंदी झाल्या आणि मधले सगळे रंग प्रोग्रामने त्या तिसांच्या आधाराने अंदाजाने काढायचे, अशी मी सोय केली. तिचं चाळीस वर्षांचं काम माझ्याकडे एका लहानशा फाईलमध्ये आलं. फाईल एवढी लहान होती की मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मग केंद्रात प्रात्यक्षिक झालं. वरच्या ऑफिसातून दोन अधिकारी आले. साहेबांनी एका चौकटीवर माउस नेला, मी सांगितलेली एक कळ दाबली आणि प्रिंटरमधून कागद आला: अमुक पूड इतकी, तमुक इतकी, पाणी इतकं. टाळ्या वाजल्या. त्या कागदावरून रंग तयार करून बघावा, असं कोणाला वाटलं नाही. प्रात्यक्षिकात कागद निघणं महत्त्वाचं असतं आणि तो निघाला होता. साहेब भाषणात म्हणाले, "यापुढे रंग हा रंगाऱ्याच्या मूडवर अवलंबून राहणार नाही." आत्या तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर तिच्या नावापुढे छापलं होतं: लाभार्थी. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. फोटोत साहेब होते, दोन्ही अधिकारी होते आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझा हात होता.

इथपर्यंत प्रोग्राम बरोबर होता, हे मी मुद्दाम नोंदवते. तो बिघडवला तो नंतर, साहेबांच्या सूचनेवरून, मी.

"मॅडम, ती कळ दाबायची भानगड नको. वरच्यांना सवय नसते. एका क्लिकवर झालं पाहिजे. चौकटीवर क्लिक केलं की कागद."

अर्ध्या दिवसाचं काम होतं. क्लिक झालं की प्रोग्रामला कळायचं आणि त्याने लगेच ठिपके वाचायचे. मी तीन चौकटींवर तपासून पाहिलं. आकडे आधीसारखेच आले. तिन्ही चौकटी निळ्या होत्या, कारण पहिल्या ओळीत निळे रंग होते आणि मला घरी जायचं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जिल्ह्यातल्या एका सहकारी संस्थेची निवडणूक लागली. आमच्याकडे अशा निवडणुकीत पॅनेलं असतात आणि पॅनेलला रंग असतो. एका पॅनेलच्या नेत्याला सगळे भाऊ म्हणतात. त्यांचा रंग हळदी. समोरच्या पॅनेलचा पोपटी. लाखनीच्या सभागृहात भाऊंचा सत्कार ठरला आणि कार्यकर्त्यांच्या गळ्यात घालायला दीडशे दुपट्टे हवे होते, हातमागाचे, म्हणजे कसं, मातीशी नातं दिसलं पाहिजे. भाऊंच्या शब्दाला वरच्या ऑफिसात वजन होतं, म्हणून साहेबांनी ही ऑर्डर आनंदाने अंगावर घेतली. मागावरून उतरलेले पांढरे दुपट्टे केंद्रात पडूनच होते. फक्त रंगवायचे होते. साहेबांनी स्वतः हळदी-चार या चौकटीवर क्लिक केलं, कागद निघाला, त्यावर केंद्राचा शिक्का आणि साहेबांची सही झाली आणि खाली एक ओळ हाताने लिहिली गेली: 'सूत्रात कोणताही बदल करू नये.' कागद आत्याकडे आला.

तिला वाचता येतं. तिने कागद दोनदा वाचला आणि मला हाक मारली.

"हे कोनं लिवलं?"

"प्रोग्रामनं."

"हळदीत नीळ कायले पाहिजे?"

"लागते थोडीशी. रंगाले जरा सावळेपणा येते."

"एवढी नीळ म्हंजे सावळेपना नाही वं. सुतक हाये."

"आत्या, तू तीस लडी रंगवल्या, त्याच्यावरूनच काढलं हे. तुझंच हाये सगळं."

"माह्यं असतं तं मले ओळखू आलं असतं."

मी चिडले. मला वाटलं, हिला यंत्राचा राग आहे. प्रमाणपत्रावर लाभार्थी लिहिलं, त्याचा राग आहे. मी तिला समजावणीच्या सुरात म्हटलं की डोळा फसतो, आकडा फसत नाही. हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं आणि ते बोलताना मला फार बरं वाटलं.

आत्याने हातरुमालाएवढा कपडा कागदाप्रमाणे रंगवला, सकाळी दहा वाजता बांबूवर टाकला, बराच वेळ पाहिला, मग पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "चाल केंद्रात." आम्ही गेलो. साहेबांच्या खोलीत एसीसाठी जाड पडदे ओढलेले, वर ट्यूबलाइट. मी रंगांची खिडकी उघडली, हळदी-चारवर क्लिक केलं आणि तो कपडा संगणकाच्या पडद्याला लावून धरला.

दोन्ही रंग एक होते. तंतोतंत. मी विजयाने आत्याकडे पाहिलं.

साहेबांनी चष्मा लावला, पुढे वाकले आणि चौकटीतलं नाव वाचलं. "हळदी-चार. बरोबर आहे." त्यांनी चौकटीकडे पाहिलंच नाही. नाव हळदी आहे म्हटल्यावर रंग बघण्याचं कारण उरलं नव्हतं.

आत्याने मात्र दोन्हींकडे नीट पाहिलं. "साहेब, तुमच्या डब्यातली हळदच हिरवी हाये."

"स्क्रीनवर थोडं वेगळं दिसतं, आत्याबाई. आपण आकड्यावर जायचं."

मी मान डोलावली. ती चौकट मलाही हिरवटच दिसत होती. हे मी इथे लिहिते, कारण पुढे चौकशीत हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. हळद शेवाळावर पडावी तसा तो रंग होता आणि मी त्याच्याकडे पाहत उभी होते आणि माझ्या मनात एवढंच होतं की दोन्ही जुळतायत. जुळतायत म्हणजे प्रोग्राम बरोबर. माझं शिक्षण सरकारी खर्चाने झालंय, हे सांगायला लाज वाटते.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "मी कागदावानी रंगवीन. कागद फेकू नोको." तिने दीडशे दुपट्टे रंगवले, वाळवले, घड्या घातल्या. केंद्राने दहा-दहाचे प्लास्टिकचे गठ्ठे केले आणि त्यावर चिकटपट्टीने नाव लावलं: हळदी-चार.

सत्काराच्या दिवशी मी लाखनीला गेले, कारण साहेबांना सभागृहाच्या दाराशी टेबल मांडून पाहुण्यांना प्रोग्राम दाखवायचा होता. आत्या आली नाही. "मले भाषनं आयकाची नाही," म्हणाली. सभागृह हायवेला लागून. ट्रक जायला लागले की माइकचा आवाज बुडायचा, मग वक्ता तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. भाऊंचे हळदी रंगाचे बॅनर सगळीकडे. गठ्ठे उन्हात, दारातच फुटले आणि कार्यकर्त्यांनी भराभर दुपट्टे गळ्यात घातले. घाई होती, भाऊंची गाडी शेजारच्या मुरमाडीपर्यंत आल्याचा फोन आला होता.

पोपटी पॅनेलवाल्यांकडे दुपट्टे होते ते मागच्या निवडणुकीचे, धुऊन धुऊन विटलेले. आमचा हळदी-चार त्या विटलेल्या पोपटीशी असा जुळला की एकाच गंजातून काढल्यासारखा.

भाऊ स्टेजवर चढले, नमस्कार केला, समोर पाहिलं आणि हात तसेच जोडलेले ठेवून उभे राहिले. दीडशे माणसं त्यांच्या नावाचा जयजयकार करत होती. भाऊंनी शेजारच्याला हळू आवाजात विचारलं, "हे आपलेच लोकं हायेत ना?" समोर माइक सुरू होता. सगळ्या सभागृहाने ते ऐकलं आणि सगळे एकमेकांच्या गळ्याकडे पाहू लागले.

दुपट्टे काढा म्हणून कोणीतरी ओरडणार, तेवढ्यात दुसरीच गोष्ट झाली. पोपटी पॅनेलच्या दोन जीप सानगडीच्या बाजारात प्रचार करून परतत होत्या. त्यांना सभागृहाच्या फाटकाशी आपल्या रंगाची गर्दी दिसली. आपलीच सभा असेल, आपल्याला निरोप मिळाला नसेल, असं समजून ते आत आले. जेवणाची पंगत नुकतीच सुरू झाली होती. ते पंगतीला बसले. वडाभात वाढला गेला. जेवण झाल्यावर हात धुताना त्यांच्यातल्या एकाने बॅनर वाचला. पण तोवर भाऊंचे लोक कोण आणि ते कोण, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कोणाला बाहेर काढायचं हे ठरवायलाच एक समिती लागली असती. शेवटी ते आपापले निघाले. जाताना त्यांच्यातला एक माझ्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, "जेवन मस्त होतं ताई. पन आमाले सांगाचं ना आधी."

साहेब कुठे दिसले नाहीत. त्यांचा फोन बंद होता. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि बस पकडली.

नक्षीचं ते सॉफ्टवेअर केंद्राच्या संगणकाशिवाय कुठे चालत नव्हतं (लाखनीला दाखवायला मी लॅपटॉपवर नुसती चित्रं नेली होती), म्हणून दुसऱ्या दिवशी केंद्र उघडताच मी तिथे जाऊन बसले. चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला: माउस जिथे असेल तिथल्या ठिपक्याचे आकडे दाखवत राहायचे, बस. हळदी-चारवर माउस नेला. दोनशे चाळीस, एकशे नव्वद, तीस. चोख हळद. मग क्लिक केलं. एकशे पासष्ट, एकशे सत्तर, पंच्याऐंशी. दुसरीकडे क्लिक केलं, हळद परत आली. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा शेवाळ.

चौकट निवडली गेली आहे हे वापरणाऱ्याला कळावं, म्हणून ते सॉफ्टवेअर तिच्यावर निळ्या काचेसारखा एक पातळ थर टाकत होतं. मी रंग वाचत होते तो क्लिकनंतर, म्हणजे काचेतून. निळ्या चौकटींवर निळी काच दिसत नाही. हळदीवर दिसते. आणि त्या दिवशी साहेबांच्या खोलीत कपडा धरला तेव्हाही मी आधी क्लिक केलं होतं. म्हणून तर दोन्ही जुळले. मी चूक चुकीशी ताडून पाहिली होती आणि ती शंभर टक्के बरोबर निघाली होती.

घरी आले तेव्हा आत्या चुलीशी होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ढवळत ऐकत होती.

"म्हंजे हात लावला का रंग बदलते?"

"हो."

"अन् तू हात लावूनच रंग पाहिला."

"हो."

तिने काठी गंजावर आडवी ठेवली, पदराला हात पुसले आणि कमरेला खोचलेली कागदाची घडी काढून मला दिली. केंद्रातून एरवी साधा कागद निघायला महिना लागतो. हा त्याच सकाळी शिपाई देऊन गेला होता. त्यात लिहिलं होतं, दिलेलं सूत्र रंगाऱ्याने न पाळल्यामुळे शासकीय कामात व्यत्यय आला, ही गंभीर मानवी चूक असून सात दिवसांत खुलासा करावा. प्रोग्राम लिहिणारी मी, क्लिक करणारे साहेब आणि मानवी चूक तेवढी आत्या.

चौकशीला तीन माणसं बसली, त्यातले एक साहेबच. मी सगळं लिहून नेलं होतं. संगणक लावून दाखवलं, क्लिक करून दाखवलं, आकडे दाखवले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. आत्याने जसं लिहिलं होतं तसंच केलं."

साहेब सहानुभूतीने म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजू शकतो. पण प्रोग्राम यशस्वी झाल्याचा अहवाल वर गेला आहे. स्वीकारलाही गेला आहे."

"मग तो परत मागवा."

"यशस्वी प्रकल्प परत मागवायची तरतूद नाही."

यावर आत्याने पिशवी उघडली. आधी शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला, मग त्यावर तो हातरुमालाएवढा कपडा. "सही तुमची हाये. लिवलं हाये का बदल करू नोका. मी केला नाही. आता सांगा, मले कायले बलावलं?"

सदस्यांनी सही पाहिली. साहेबांनीही पाहिली, जणू ती दुसऱ्या कोणाची असावी. चहा आला. आता प्रोग्राम निर्दोष होता, कारण अहवाल गेला होता. आत्या निर्दोष होती, कारण कागद होता. आणि साहेब तर निर्दोष होतेच. खोलीत दोषी माणूसच उरला नव्हता. मग एका सदस्याने कप खाली ठेवला.

"पाणी कुठलं वापरता तुम्ही?"

"विहिरीचं," आत्या म्हणाली.

तिघांच्याही चेहऱ्यावर एकदम हुशारी आली. मी म्हणाले, तीस नमुन्यांच्या लडीही त्याच विहिरीच्या पाण्यात रंगल्या होत्या आणि त्या बिघडल्या नाहीत. सदस्याने मान डोलावली. लिहून मात्र घेतलं नाही. निष्कर्ष असा झाला की स्थानिक पाण्यातील क्षारांमुळे रंगछटेत फरक पडला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. विहिरीला खुलासा मागता येत नाही आणि ती कोणाची नातेवाईकही नसते.

पुढच्या आठवड्यात एक माणूस दोन बाटल्या घेऊन पाण्याचे नमुने न्यायला आला. ऊन होतं. तो आधी पोहऱ्यातून तांब्याभर पाणी प्यायला, "गोड हाये पानी," म्हणाला आणि मग त्याने बाटल्या भरल्या. त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. भाऊंचं पॅनेल निवडून आलं, त्यामुळे कोणाला त्यात रस उरला नाही. साहेबांची बदली नागपूरला, चांगल्या जागी झाली. मी प्रोग्राम दुरुस्त केला; क्लिकच्या आधीचेच आकडे धरायचे, एवढाच बदल. पण केंद्राने तो घेतला नाही. दुरुस्ती घेतली तर आधी चूक होती असं होतं, आणि फाईल बंद झालेली. तिथे आजही जुनाच चालतो. निळे रंग उत्तम देतो.

आत्याने केंद्राचं काम सोडलं. माझ्याशी ती नेहमीसारखीच वागत होती आणि त्याचाच मला त्रास होत होता. एक दिवस सकाळी मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि म्हणाले, "आत्या, मले माफ कर." आमच्या घरात अशी माफी मागायची पद्धत नाही, त्यामुळे ते फार नाटकी वाटलं.

"माफी राहू दे. एक सांग. त्या दिवशी साहेबाच्या खोलीत, मले तो हिरवा दिसत होता. तुले दिसत होता का नाही?"

"दिसत होता."

"मंग काहून नाही बोलली?"

मी पुष्कळ उत्तरं शोधली. ट्यूबलाइट होती, साहेब होते, आकडे जुळत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, माझंच चुकत असेल."

"तुह्यं नाही. तुह्या डोळ्याचं चुकते असं वाटलं तुले," ती म्हणाली. "डोळा कोनाचा हाये मंग?"

दहा वाजून गेले होते. बांबूवर दोन लडी टांगलेल्या होत्या, दोन्ही लाल. ती म्हणाली, "सांग आता, सारख्या हायेत का?" मी पाहिलं. मला सारख्याच दिसल्या. तसं सांगितलं. तिने नाही म्हणून मान हलवली, डावीकडची काढली आणि परत गंजात सोडली. मला पुन्हा नीट बघायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिने मला हाक मारली आणि परत दोन लडी दाखवल्या. तेव्हाही माझं चुकलं. आता सहा महिने झाले, रोज दहा वाजता मी टेबलावरून उठून सांदवाडीत जाते. आठवड्यातून दोनदा तरी बरोबर सांगते. वडिलांना वाटतं, मी ऊन घ्यायला जाते.